संगणकशंका : हवी एक फाइल, मिळतो अख्खा ढीग

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे अंक स्कॅन करून ठेवलेत. त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) बसवलं. मराठीची फाइल गिटहब या प्रकल्पांच्या फाइली ठेवणाऱ्या साइटवर आहे असं कळलं. यादीतल्या नावावर राइट क्लिक करून ती सेव्ह केली, टेसरॅक्टच्या टेसडेटा या भाषांच्या फोल्डरमध्ये ठेवली, तरी 'मार' (मराठीची खूण) भाषा लोड होत नाही असाच संदेश येतो. भाचा म्हणतो, सगळी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा पूर्ण फाइलसाठा) क्लोन करा, म्हणजे तिची प्रत उतरवा. आमचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं.
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : काका, या बाबतीत भाच्याचं ऐकू नका. त्या रिपॉझिटरीत शंभराहून अधिक भाषांच्या फाइली आहेत. तुम्हाला त्यातली एक हवी. बाकीच्यांवर हॉटस्पॉटचा डेटा कशाला जाळायचा?

आधी तुमची सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत 'डॉकटाइप एचटीएमएल' असं काही रोमनमध्ये दिसलं, तर काय झालं ते कळलंच म्हणून समजा. यादीतलं नाव ही फाइल नसते, फाइल दाखवणाऱ्या वेबपानाची ती लिंक असते. राइट क्लिक करून सेव्ह केलं की ते पान उतरतं, आणि नाव मात्र फाइलीचं मिळतं. टेसरॅक्टला हवा असतो प्रशिक्षित डेटा, त्याच्या पुढ्यात येतं वेबपान. ते बिचारं काय करणार!

आता त्याच नावावर साधं क्लिक करा. फाइल मोठी असल्याने गिटहब ती दाखवणार नाही, पण 'व्ह्यू रॉ' (मूळ फाइल पाहा) अशी लिंक देईल. उजवीकडे खाली वळलेल्या बाणाचं बटणही असतं. दोन्हींतून खरी फाइल उतरते. काही इंटरनेट जोडण्यांवर गिटहबचा रॉ फाइलींचा पत्ता उघडतच नाही. तसं झालं तर शेजारच्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन मागून पाहा.

वरचेवर फाइली आणायच्या असतील तर कर्ल शिकून घ्या, दिलेल्या पत्त्यावरची फाइल ते उतरवतं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं हे छोटं साधन १९९८पासून आहे, आणि विंडोज १०मध्ये २०१८पासून आयतंच येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा (पॉवरशेल नको, तिथे याच नावाखाली दुसरंच काही चालू होऊ शकतं). रोमनमध्ये कर्ल, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून कॅपिटल एल व कॅपिटल ओ, मग पत्ता. पत्त्यात 'ब्लॉब' असेल तिथे 'रॉ' करा. एल विसरू नका. गिटहब त्या पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवतं आणि एलशिवाय कर्ल तिकडे जातच नाही.

टेसडेटाचे 'फास्ट' आणि 'बेस्ट' असे वेगळे संच आहेत. जुन्या छपाईत वेलांट्या तुटलेल्या, मात्रा पुसट. माझ्या मते बेस्टच घ्या, वेळ लागला तरी चालेल. अंकात इंग्रजी जाहिराती असतील तर भाषा सांगताना 'मार'नंतर अधिकचं चिन्ह देऊन 'ईएनजी' जोडा.

प्रश्न : मी डीटीपी करतो. गूगल फॉण्ट्सच्या रिपॉझिटरीतून मुक्ता, बालू २ आणि टिरो देवनागरी मराठी एवढीच फोल्डरं हवीत, आणि अधूनमधून ताजीही करायचीत. डीगिट हे रिपॉझिटरीची प्रत आणणारं साधन वापरलं, तर एका फोल्डरसाठी ते संपेचना. माझंच काही चुकतंय का?
— कोल्हापूर

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. डीगिट लिहिलं स्वेल्ट हे वेबसाइटी बांधण्याचं साधन करणाऱ्या रिच हॅरिस यांनी, आणि साधन झकास आहे. इतिहास वगळून फक्त ताजी प्रत आणतं. पण फोल्डर मागितलं तरी ते आधी सगळ्या रिपॉझिटरीची दाबलेली टार फाइल उतरवतं आणि मग त्यातलं तुमचं फोल्डर तेवढं उलगडतं. एक जुडी कोथिंबीर हवी म्हणून मळ्यातला अख्खा टेम्पो दारात! लहान प्रकल्पाला हे जाणवत नाही. गूगल फॉण्ट्समध्ये हजाराहून जास्त फॉण्टकुटुंबं आहेत, तिथे जाणवणारच.

तुमच्या कामाला खुद्द गिटच बरं, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं ते मूळ साधन. क्लोन करताना त्याला तीन गोष्टी सांगा : 'डेप्थ' १, म्हणजे जुना इतिहास नको, 'फिल्टर' ब्लॉब-नन (मधे आडव्या रेघेऐवजी कोलनचं चिन्ह), म्हणजे फाइलींचा मजकूर मागितल्याशिवाय पाठवू नकोस, आणि 'स्पार्स', म्हणजे मुळातल्या सुट्या फाइलींपलीकडे काही मांडू नकोस. तिन्ही रोमनमध्ये, आधी दोन आडव्या रेघा. मग त्या फोल्डरमध्ये शिरून 'स्पार्स-चेकआउट सेट' आणि पुढे तिन्ही फोल्डरांचे मार्ग. ती 'ओएफएल' नावाच्या फोल्डरात आहेत. गिट २.२५ किंवा पुढचं लागेल. ते २०२० सालचं आहे, त्यामुळे बहुधा असेलच. ताजं करायचं तेव्हा नुसती 'पुल' ही कमांड.

मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता सात वजनांत येतो. त्याच्या फोल्डरात ओएफएल नावाची मजकूर फाइलही असते. तो परवाना आहे. कचरा समजून उडवू नका. गिऱ्हाइकाला फॉण्ट देताना तोही सोबत द्यावा लागतो. आणि पुस्तक छपाईला गेलं की त्या वेळचा कमिट नंबर (गिटमधली त्या आवृत्तीची खूण) जॉब कार्डावर लिहा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी फॉण्ट बदललेला असला आणि ओळी सरकल्या, तर शोधणार कुठे?

प्रश्न : गिटहबच्या पत्त्यातलं 'ट्री/मास्टर' काढून 'ट्रंक' घालायचं आणि एसव्हीएन (सबव्हर्जन, गिटच्या आधीचं तसंच साधन) एक्स्पोर्टने एकच फोल्डर आणायचं, ही युक्ती मी वर्षानुवर्षं वापरली. आता चालत नाही.
— ठाणे

उत्तर : गिटहबने सबव्हर्जनची सोय ८ जानेवारी २०२४ला बंद केली. मलाही ती आवडायची. कोल्हापूरकरांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू. फोल्डरची झिप करून देणाऱ्या वेबसाइटींवर मात्र ऑफिसातून फार भिस्त ठेवू नका. त्या फाइली मागतात गिटहबच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅमांसाठीच्या खिडकीकडे. लॉगिनशिवाय ती एका आयपी पत्त्याला तासाला ६० विनंत्या देते, आणि तुमच्या मजल्यावर सगळ्यांचा आयपी एकच असणार.