ओंडके उचलायला छोटा लोडर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : सोसायटीच्या मागच्या बाजूला रेन ट्री पडला आहे. वाट जेमतेम दोन मीटरची असल्याने जेसीबी आत येत नाही. छोटा लोडर भाड्याने घेताना किती हॉर्सपॉवरचा घ्यावा? (पुणे)

हॉर्सपॉवर नंतर विचारा, आधी ओंडक्याचे वजन काढा. बुंध्याला टेप गुंडाळून घेर मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १२.५ केले की घनमीटर मिळतात. ओल्या लाकडाला घनमीटरमागे १,००० किलो धरा, चिंच-बाभळीला १,२००. काही जातींचे लाकूड याहून हलके भरते, पण अंदाज वरचाच असावा. दोन मीटर घेराचा दोन मीटर लांब तुकडा ६४० किलो भरतो. तोच दीड मीटरवर कापला तर ४८०.

आता माहितीपत्रकात ‘रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी’चा, म्हणजे मशीनने सुरक्षितपणे उचलायच्या वजनाचा आकडा पाहा. मागची चाके जमीन सोडतात त्या भाराला टिपिंग लोड म्हणतात. चाकांच्या स्किड स्टिअरला, ज्याला साइटवर सगळेच बॉबकॅट म्हणतात, हा आकडा टिपिंग लोडच्या निम्मा असतो. ट्रॅकच्या, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरला ३५ टक्के धरण्याची पद्धत आहे, पण काही कंपन्या ५० टक्क्यांचा आकडाही छापतात. म्हणून दोन कोटेशन शेजारी ठेवताना टक्केवारी विचाराच.

हा आकडा मातीच्या बकेटसह दिलेला असतो. ओंडके धरायचा पंजा बकेटहून जितका जड, तितके वजन त्यातून वजा करा. शिवाय पंजातला ओंडका बकेटमधल्या मातीपेक्षा पुढे लटकतो आणि खड्ड्यात चाक गेले की हेलकावतो. ७५० किलो क्षमतेच्या मशीनला १०० किलोने जड पंजा लावला तर ६५० उरले. त्यावर ५०० किलोच्या पुढचा तुकडा आम्ही उचलू देणार नाही. तुमच्या बुंध्याचा घेर दोन मीटर भरला तर तुकडे दीड मीटरचेच काढा.

मशीन सांगण्याआधी आणखी एक गोष्ट नक्की तपासा. पुण्या-मुंबईत अनेक सोसायट्यांची बाग बेसमेंट पार्किंगच्या स्लॅबवर असते आणि वरच्या मातीमुळे ते लक्षात येत नाही. असा लोडर रिकामा असतानाच तीन टनांच्या आसपास असतो. पंजात ओंडका आला की जवळजवळ सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर जाते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय मशीन त्या स्लॅबवर चढवू नका.

बाकीच्या झाडांच्या मुळांनाही जपा. बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट अंतरात मशीन नेऊ नये, हा साधा नियम. ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ते ४.८ मीटर होते. दुसरी वाटच नसेल तर १५ सेंटिमीटर जाडीचा लाकडी चिप्सचा थर पसरून वर जाड प्लायवुड टाका. स्किड स्टिअर चाके फरपटत वळतो, त्यामुळे तो जागच्या जागी फिरवला तर माती खरवडली जाते. थोडे पुढे, थोडे मागे घेत वळवायला सांगा.

प्रश्न : उतारावरच्या बागेतली जुनी आंब्याची झाडे काढून बुंधे खाली आणायचे आहेत. लोडर उलटेल अशी भीती वाटते. (रत्नागिरी)

जड बाजू नेहमी चढाकडे ठेवा, एवढे पाळले तरी बराचसा धोका टळतो. रिकाम्या लोडरचे इंजिन मागे असते, म्हणून मागची बाजू जड. तो रिव्हर्समध्ये चढवा आणि सरळ उतरवा. पंजात भार असेल तर उलट : तोंड पुढे ठेवून चढा, उतरताना रिव्हर्स. तुमचे ओंडके खाली यायचे आहेत, म्हणजे भरलेल्या सगळ्या फेऱ्या रिव्हर्समध्ये. त्यासाठी मागे पाहणारा एक माणूस लागेल, आणि तो ऑपरेटरला सतत दिसेल पण मशीनच्या वाटेत नसेल अशा ठिकाणी उभा राहिला पाहिजे.

भार जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. उतार आडवा कापू नका आणि आर्म (पंजा उचलणारे हात) वर असताना वळू नका. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेपासून निदान गडग्याच्या उंचीइतके अंतर सोडा. ओला, शेवाळलेला जांभा असेल तर तो सुकेपर्यंत काम थांबवा.

आणि परवानगी : झाडे तोडण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या १९६४च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे. मशीन ठरवण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हातात हवी.

प्रश्न : अर्धवट कापलेले झाड लोडरने ढकलून पाडले तर चालेल का? (सांगली)

नाही. लोडर बुंध्याला खाली रेटतो, वजन मात्र वरच्या शेंड्यात असते. बुंधा उभा चिरू शकतो, सुकी फांदी तुटून केबिनवर येऊ शकते. झाड पाडणे हे करवतीचे आणि दोराचे काम आहे. ते चालू असताना लोडर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभा ठेवा.

प्रश्न : फांद्या गोळा करताना इंजिन तापते आणि जळका वास येतो. शिवाय ऑपरेटर सीट बार (बसल्यावर मांडीवर ओढायचा सुरक्षा दांडा) निकामी करून बांधून ठेवतो, त्याचे काय करावे? (नाशिक)

तापण्याचे कारण बहुधा पालापाचोळा. रेडिएटरच्या जाळीवर तो चिकटतो आणि इंजिनखालच्या पत्र्यावर झिरपलेल्या तेलात भिजून लगदा होतो. सायलेन्सरजवळ तोच पेट घेतो. दर दोन-तीन तासांनी आर्म खाली, इंजिन बंद, थोडे निवू द्या. मग हवा आत येते त्याच्या उलट दिशेने कॉम्प्रेसरची हवा मारा. खालचा पत्रा आठवड्यातून एकदा उघडून साफ करा. केबिनमध्ये पावडरचे अग्निशामक हवेच.

हायड्रॉलिक तेलाच्या होजमधून (नळीतून) तेल उडते का ते पाहायला पुठ्ठा धरा, हात कधीच नाही. आत सुमारे २०० बारचा दाब असतो आणि सुईच्या टोकाएवढी धार कातडीखाली शिरते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस घरी जातो आणि बोट गमावण्याची वेळ येते. लगेच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना तेल आत गेल्याचे स्पष्ट सांगा.

सीट बार बांधलेला असेल तर काम आत्ताच थांबवा. स्किड स्टिअरचे आर्म केबिनला घासूनच वरखाली होतात. ओंडका नीट धरला का ते पाहायला ऑपरेटर बाहेर वाकतो, लिव्हरला किंवा पेडलला धक्का लागतो, आणि डोके आर्म व केबिनच्या मध्ये सापडते. बार वर केला की आर्म बंद व्हायला हवेत आणि केबिनच्या बाजूच्या जाळ्या जागेवर हव्यात. हे दोन्ही रोज सकाळी ऑपरेटरसमोर तपासा. आर्म वर ठेवून खाली काही दुरुस्त करायचे असेल, तर आर्मचा लोखंडी टेकू आधी बसवा.