तरतूद वाढली, तरी औषध बाहेरूनच का?

प्रश्न : अर्थसंकल्पात आरोग्यासाठीची तरतूद दरवर्षी वाढल्याचे वाचतो, तरीही आमच्या ग्रामीण रुग्णालयात औषधे बाहेरून आणायला सांगतात. खर्च वाढल्याने सरकारी संस्था खरोखर सुधारतात का? – एक वाचक

उत्तर : पुरेशा पैशाशिवाय संस्था चालत नाही, हे निर्विवाद आहे. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच मागे आहे. मात्र तो पैसा रुग्णालयापर्यंत केव्हा पोहोचतो आणि त्यावर निर्णय कोण घेतो, यावरही बरेच अवलंबून असते.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. खरेदी एकत्रित होते, पण प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक मिळते, त्यात वर्षभराची मर्यादा रुपयांत नोंदलेली असते आणि त्या मर्यादेत यादीतील कोणते औषध किती घ्यायचे, हे रुग्णालय ठरवून जिल्ह्याच्या गोदामातून उचलते. नको असलेले औषध मागितले तर हव्या असलेल्या औषधाचा पैसा कमी होतो. त्यामुळे साठ्याच्या नोंदी नीट ठेवणे ही रुग्णालयाचीच गरज बनते. मला या व्यवस्थेचे मोल इथे वाटते. पुढे केरळ आणि राजस्थाननेही अशी महामंडळे उभारली. महाराष्ट्राने २०१७ पासून ही खरेदी लसी बनवणाऱ्या सरकारी हाफकिन महामंडळाकडे दिली होती आणि २०२३ मध्ये कायदा करून त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले.

याउलट, निधी वर्षभर अडकून मार्चमध्ये हाती आला, तर तो व्यपगत होऊ नये, म्हणजे आर्थिक वर्ष संपताच परत जाऊ नये, म्हणून घाईने खर्ची टाकला जातो आणि नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याचा उत्साह मावळतो. यंत्र एका आदेशात घेता येते, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद म्हणजे कायमचा वेतनखर्च. म्हणून यंत्र येते, पद रिक्त राहते, आणि हिशेबात मात्र खर्च वाढलेलाच दिसतो.

आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे, किंवा माहितीच्या अधिकाराखाली, औषधांसाठी किती निधी मंजूर झाला, तो कोणत्या महिन्यात मिळाला, किती अखर्चित राहिला आणि मागणी नोंदवूनही कोणती औषधे आली नाहीत, हे लेखी विचारावे.