कॅमेऱ्यातच स्वतःचं नाव टाकून ठेवता येतं का? फोटो कॉम्प्युटरवर घेताना ते टिकतं का?

येतं, आणि टिकतंही. नाव जातं ते नंतर, बहुतेक वेळा आपल्याच हातानं.

2018च्या विसर्जनाला मी बेलबाग चौकात सकाळपासून उभा होतो. दुपारी एका पथकातल्या ताशेवालीचा फोटो मिळाला. हवेत गुलाल, नथीच्या मोत्याला चिकटलेला घामाचा थेंब, दोन्ही काड्या ताशापासून बोटभर वर. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो. मी तो पथकाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या गणपतीत तोच फोटो पेठेतल्या एका मंडळाच्या फ्लेक्सवर, वीस फूट रुंद. मला कुणी विचारलंही नव्हतं.

ज्या काकांच्या स्टुडिओत मी लग्नं शूट करायला शिकलो, ते कायम म्हणायचे, "नाव फोटोच्या कोपऱ्यात मोठं टाक. फाइलच्या आतली माहिती कोण उघडून बघतंय?" त्यांचं ऐकून मी उजव्या कोपऱ्यात नाव टाकलं होतं. फ्लेक्सवाल्यानं फोटो कमरेपासून कापला, नाव खालच्या खाली गेलं.

मंडपात गेलो. कार्यकर्ता म्हणाला, "दादा, फोटो तुमचाच कशावरून?" त्यांच्याकडची फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली, म्हणजे आतली सगळी माहिती पुसलेली. मी तिथंच लॅपटॉप उघडून मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं लिहिलेली कच्ची फाइल, दाखवली. माझं नाव, कॅमेऱ्याचं मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ. शिवाय त्याच मुलीच्या आधीच्या चार आणि नंतरच्या तीन फ्रेम. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "चुकलंच आमचं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्लेक्सवर माझ्या नावाची पट्टी चिकटली. पैसे मी मागितलेच नव्हते, नाव मागितलं होतं. काकांना त्या पट्टीचा फोटो पाठवला. "तुझं नशीब," एवढंच म्हणाले. नशीब नाही काका, मेन्यूतली दोन मिनिटं.

तर तो मेन्यू. कॅनन असो की निकॉन, सेटअपमध्ये 'कॉपीराइट इन्फर्मेशन' असतं. निकॉनवर नावाला 36 अक्षरं, कॉपीराइटला 54. कॅननवर दोन्हींना 63. देवनागरी चालत नाही, इंग्रजीत लिहा. निकॉनवाल्यांनी लिहून झाल्यावर 'अटॅच'समोर टिक करून ओके दाबायचं. तेवढं राहिलं की एकाही फोटोत नाव येत नाही, आणि बहुतेकांचं तेवढंच राहतं. कॅमेऱ्याचं घड्याळही त्याच वेळी लावून घ्या.

कार्ड रीडरनं कॉपी करा, कट-पेस्ट कधीच नको. फाइल मोजा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवा, मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. जुन्या फोटोंत नाव नसेल तर लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करतानाच मेटाडेटा (म्हणजे हीच आतली माहिती) प्रीसेट लावा. एक्सपोर्ट करताना बाकीची माहिती नको असेल तर निदान 'कॉपीराइट ओन्ली' निवडा. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नाव नसलं तरी हक्क असतोच. आपल्याकडे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो टिकतो. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर फोटोतली नावाची अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी त्या कार्यकर्त्याला ऐकवलं नाही, गरज पडली नाही.

एक राहिलं. आतलं नाव कुणीही बदलू शकतं, म्हणून खरा पुरावा रॉ फाइल आणि आजूबाजूच्या फ्रेम. नको असलेल्या वाटल्या तरी त्या उडवू नका. कॅमेरा मित्राला देताना नाव बंद करा, नाहीतर त्याच्या फोटोंवर तुमचं नाव जाईल, आणि तेही तितकंच चूक. आणि पैसे घेऊन केलेल्या लग्नाच्या ऑर्डरीत वेगळा करार नसेल तर कायद्यानं कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा असतो, तुमचा नाही. हे काकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आता मी ॲडव्हान्स घेण्याआधी एक पान सही करून घेतो.