मऊ तलवारीच्या आत काय आहे, ते आधी बघा

तुम्ही लिहिलंय की आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना आयकिदो या जपानी युद्धकलेबरोबर तलवारीचा जोडीतला सराव शिकवायचा आहे. त्यासाठी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपांवर फोम गुंडाळून, वरून टेप लावून तलवारी केल्या. त्यातली एक परवा सरावात मोडली, आणि आता सगळा माल जपानहून मागवावा का, असं विचारताय. आमच्या वर्गात हे दोन्ही होऊन गेलंय, पाइपही आणि जपानचं पार्सलही. म्हणून सविस्तर लिहिते. पकड, अंतर, नमस्कार वगैरे तुम्हाला तुमच्या सेन्सेईंकडून, म्हणजे गुरूंकडून, मिळालेलं असणारच, त्यात शिरत नाही.

आधी एक काम आजच करा. उरलेल्या सगळ्या तलवारींची टेप कापा आणि आतले पाइप उघडे करून बघा. पीव्हीसी उन्हात राहिलं की ठिसूळ होतं. मोडतं तेव्हा वाकत नाही, तडकतं, आणि त्या तुकड्याची कड सुरीसारखी असते. शिवाय वरच्या फोममुळे आतली चीर दिसतच नाही. पालकांना वस्तू मऊ दिसते म्हणून ते निर्धास्त असतात, मुलं त्याच भरवशावर जोरात मारतात, आणि आतला पाइप रोज थोडा थोडा चिरत जातो. मऊ असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक नव्या पालकाला सांगते. वस्तू हातात घेतल्यावर मी पहिला प्रश्न एकच विचारते: ही मोडली तर कशी मोडेल?

जपानमध्ये या प्रश्नाचं उत्तर सोळाव्या शतकातच सापडलं होतं. शिनकागे-र्यू ही तलवारबाजीची शाखा सुरू करणाऱ्या कामिइझुमी नोबुत्सुना यांना फुकुरो-शिनाईचं, म्हणजे पिशवी चढवलेल्या बांबूच्या सरावाच्या तलवारीचं, श्रेय दिलं जातं. बांबू मुठीकडे अखंड ठेवायचा, पुढचा भाग उभा चिरत न्यायचा, टोकाकडे तो आणखी बारीक चिरायचा आणि वरून चामड्याची घट्ट पिशवी चढवायची. घाव बसला की आतल्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि जोर तिथेच जिरतो. एखादी पट्टी मोडली तरी तिचं कुसळ पिशवीबाहेर येत नाही. ही शाखा पुढे चालवणाऱ्या याग्यू घराण्याच्या परंपरेत आजही हेच वापरतात. केंदो या जपानी तलवारबाजीच्या खेळातली चार पट्ट्यांची, पिशवी नसलेली शिनाई आणि अंगावरचं चिलखत हे नंतरचं, अठराव्या शतकात रुळलेलं. इत्तो-र्यू या दुसऱ्या शाखेने वेगळा मार्ग धरला: शस्त्र लाकडीच ठेवलं आणि घाव झेलणाऱ्याच्या हातात ओनिगोते नावाचे जाडजूड भरलेले हातमोजे दिले, म्हणजे मनगटावरचा घाव पूर्ण जोराने मारता येतो. आपल्या तालमींमधली फरी-गदका आठवा. तलवारीच्या जागी चामडं चढवलेली काठी, हा विचार आपल्याला परका नाही.

मुलांसाठी माझं स्पष्ट मत: फोमच हवा असेल तर आत वेत घाला. वेत तडकत नाही. मार खाऊन खाऊन त्याचे धागे सुटतात, तो झाडूसारखा पिंजतो, आणि पिंजायला लागला की हाताला लगेच कळतं. पुण्यात बुरूड आळीत किंवा वेताचं फर्निचर करणाऱ्यांकडे तुकडे मिळतात. अंगठ्याएवढा जाड, सरळ बघून घ्या. फोमसाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी रबरी नळी घ्या, फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. फायबरग्लासची दांडी कुणी सुचवली तर नको म्हणा. तिची कुसळं कातडीत घुसतात आणि काढताना जीव नकोसा होतो.

टोकाकडे विशेष लक्ष द्या. वेताच्या टोकावर आधी चामड्याची किंवा रबराची जाड चकती बसवा, नाहीतर भोसकण्याच्या घावात वेत फोम फाडून बाहेर येतो. चकतीच्या पुढे किमान चार बोटं भरगच्च फोम हवा, आणि टोकाची जाडी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हवी, म्हणजे ते डोळ्याच्या खोबणीत शिरणार नाही. एवढं करूनही मुलांना चेहऱ्यावर भोसकू देऊ नका. तलवारबाजीची जाळीची मास्क चांगली, पण तिला डोक्याची मागची बाजू नसते, हे लक्षात ठेवा.

मोठ्या मुलांसाठी मात्र फुकुरो-शिनाईच करा. बुरूडकाम करणारे कारागीर बांबू इतका सफाईने चिरतात की आपण ते काम हातात घेऊच नये. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बांबू मागा, त्यात पिष्ट कमी असतं म्हणून कीड कमी लागते. शक्य असेल तर काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत सुकवा. पिशवी चामड्याची किंवा जाड कॅनव्हासची, पण घट्ट. सैल पिशवीत पट्ट्या फाकतात. शिवण घाव बसतो त्या बाजूला येऊ देऊ नका. आणि हातात क्रिकेटचे बॅटिंग ग्लव्ह्ज द्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त मार अंगठ्यालाच बसतो, आणि हे मोजे घरोघरी असतात.

आता पार्सलबद्दल. इथे माझा आवाज चढला तर समजून घ्या.

आम्ही जपानहून फुकुरो-शिनाई आणि काही बोकुतो, म्हणजे लाकडी तलवारी, मागवले होते. विक्रेत्याने कागदावर 'लाकडी तलवार' असं लिहिलं होतं. परदेशी टपाल सोडवणाऱ्या एका कार्यालयात ते कागद बघून पार्सल शस्त्रांच्या रांगेत टाकलं गेलं. परवाना मागितला. लाकडाला परवाना नसतो म्हटल्यावर पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. ठाण्यात सांगितलं, असं पत्र आम्ही देत नाही. मग क्रीडा संघटनेचं पत्र मागितलं. आमच्या सरावात स्पर्धाच नसतात, तर संघटना कुठून आणणार? दर वेळी खिडकीमागे नवीन माणूस, आणि सगळी कथा पहिल्यापासून. त्या दिवसांत कुणीही खोकं उघडून आतल्या वस्तूवरून एकदा बोट फिरवलं नाही. फिरवलं असतं तर धार नाही, धातू नाही, हे एका मिनिटात कळलं असतं. पावसाळाभर माल ओलसर गोदामात पडून राहिला, आणि त्या पडून राहण्याचं भाडंही आम्हीच भरलं. सुटून आला तेव्हा पिशव्यांना बुरशी आणि बांबूतून पिठासारखा भुसा. पैसे गेलेच, पण त्या हंगामात मुलांना हातात धड काही देता आलं नाही आणि चांगली चालणारी मुलं सोडून गेली. ते मला अजून लागतं.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं जाणकाराकडून तपासून घ्या. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत लाठी, साधी हातकाठी आणि ज्यांचं खऱ्या शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही अशी खेळणी वगळलेली आहेत. २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी पात्याची ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा दिली आहे. हे दोन उतारे छापून, सोबत वस्तूंचे फोटो लावून फाइल तयार ठेवा. मागवायचंच असेल तर विक्रेत्याला आधीच कळवा की कागदावर लाकूड किंवा बांबू, धार नसलेलं सरावाचं साहित्य, असं खरं आणि पूर्ण वर्णन लिहा. इआइतो, म्हणजे धार नसलेली धातूची सरावाची तलवार, मात्र या भरवशावर मागवू नका, ती वेगळी बाब आहे. (आणि इआइतो कुणाकडे असेल तर त्यावर दुसरं शस्त्र कधीच आपटू नका. ते जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आघात सोसत नाही.)

बोकुतो तर इथेच करून घ्या. जपानमध्ये ते ओकच्या घट्ट लाकडाचे करतात, मियाझाकी प्रांतातलं मियाकोनोजो त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कुऱ्हाडी-कुदळींच्या दांड्यांना जे लाकूड चालतं तेच मागा: धामण, तिवस, बाभूळ. साग नको, घाव बसला की त्याच्या चिरफळ्या निघतात. शिसव मुलांच्या मनगटाला जड पडतं. सुताराला एकच अट घाला: लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सलग हव्यात आणि मध्ये गाठ नको. लांबी साधारण १०२ सेंटिमीटर, 'जो' नावाची सरावाची लांब काठी हवी असेल तर ती १२८ सेंटिमीटर लांब आणि २.४ सेंटिमीटर जाड. मुलांसाठी अर्थातच आखूड. वॉर्निश लावू नका, हात घसरतो आणि बारीक चीर दिसत नाही. जवसाचं तेल चोळा, पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा. आणि बारा वर्षांखालच्या मुलांना बोकुतोवर बोकुतो आपटू देऊ नये, एकट्याच्या सरावालाच द्यावा, हे माझं मत. काही शिक्षकांना ते पटत नाही.

दर वर्गाआधी मुलांनाच तपासू द्या. शिनाईच्या पट्ट्यांवरून सुती फडकं फिरवायचं, अडकलं की तिथे कुसळ आहे. वेत दोन्ही हातांत धरून हलका वाकवायचा आणि कान लावायचा. करकर आवाज आला तर ती तलवार त्या दिवशी बाजूला.

तुमच्या उरलेल्या पाइपांची टेप काढली की आतले फोटो इथे टाका. मुलांची उंचीही कळवा, म्हणजे वेताची लांबी सांगता येईल.