डावा हात आधी शिकवा

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहते. वय ४३. नऊ वर्षं ॲक्टिव्हा चालवते, लायसन्स आहे. आमचे हे गोव्यात कामाला आहेत, महिन्यातून दोनदा येतात. त्यांची स्प्लेंडर घरी नुसती उभी असते. डेअरीला दूध घालायला आणि शेताकडं जायला तीच बरी पडेल, कारण पावसाळ्यात स्कूटर चिखलात रुतते. माझ्या लायसन्सवर मोटरसायकल चालवता येते का? दीर म्हणतात, "दोन चाकांचं लायसन्स ते दोन चाकांचं, जावा की." सासूबाई म्हणतात, या वयात क्लच-गिअर जमायचं नाही. माझं माहेर चंदगडला, तिकडंही गाडी न्यावी लागेल.

उत्तर : वहिनी, आधी लायसन्सचं कार्ड काढून बघा. त्यावर 'एमसीडब्ल्यूओजी' असं असेल तर ते बिनगिअरच्या गाडीचं आहे, आणि त्यावर स्प्लेंडर रस्त्यावर काढता येत नाही. दिरांचं म्हणणं चुकीचं आहे. पोलिसांनी धरलं तर कायद्यात ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण मला दंडापेक्षा विम्याची काळजी वाटते. काही झालं तर गाडी चालवणारीकडं त्या गाडीचं लायसन्सच नव्हतं म्हणून पैसे अडतात, आणि तेव्हा घरात कुणाला काही सुचत नाही.

नवीन लायसन्स काढायचं नाही, आहे त्यातच गिअरच्या गाडीचा वर्ग वाढवून घ्यायचा. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर भरता येतो. तुमचं वय चाळिशीच्या पुढं आहे, म्हणून डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागेल. हा कागद बायका हमखास विसरतात आणि एक फेरी फुकट जाते. लर्निंग सहा महिने चालतं, आणि ते मिळून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या टेस्टला उभं राहता येत नाही. टेस्टला गाडी तुम्हालाच न्यायची आहे, तेव्हा स्प्लेंडरचा विमा आणि पीयूसी आत्ताच काढून बघा. उभ्या गाडीचे कागद कधी संपले ते लक्षात राहत नाही. पास झालात की त्याच लायसन्सवर स्कूटरही चालते आणि मोटरसायकलही. तुम्ही कर्नाटकात आणि चंदगड महाराष्ट्रात असलं तरी ते सगळ्या देशात चालतं, चंदगडची काळजी सोडा.

लर्निंगच्या काळात गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. मागं बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याकडं गिअरच्या गाडीचं लायसन्स हवं. पोरांना शाळेत सोडणं स्कूटरवरच ठेवा.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडं येते. मी बेळगावच्या शहापुरात राहते, बायकांना दुचाकी शिकवते, आणि मी स्वतः स्कूटरवरून मोटरसायकलवर आले तेव्हा ३८ वर्षांची होते. वयाची अडचण मला आली नाही. आली ती डाव्या हाताची.

स्कूटरच्या डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो. नऊ वर्षं कुत्रं आडवं आलं, पोर धावलं, की तुमची डावी बोटं आपोआप आवळली जातात. मोटरसायकलच्या डाव्या मुठीत क्लच आहे. तो आवळला की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी मोकळी पळते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन जो थोडा अडसर करतं, तोही जातो.

मला हे तोंडपाठ होतं. तरी पिरनवाडीच्या पुढं उसाची ट्रॉली शेतातून एकदम रस्त्यावर आली, तेव्हा मी डावी मूठ जीव खाऊन दाबली. गाडी थांबेना. उजवा पाय ब्रेकवर होता, पण तो दाबायचा हे पायापर्यंत पोचलंच नाही. ट्रॉलीच्या मागच्या चाकाजवळून चरात गेले. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. ट्रॉलीवाल्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या बाईला मी पहिले आठ दिवस गिअर बदलायला शिकवतच नाही.

तुम्हीही तसंच करा. अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर, इंजिन बंद. कुणाला तरी अवचित "थांब!" म्हणून ओरडायला सांगा. उजवी बोटं पुढच्या ब्रेकवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, आणि डावी मूठ सगळ्यात शेवटी, गाडी बंद पडू नये म्हणून. रोज पन्नासदा. चहा ठेवता ठेवता, भाकरी थापताना मध्येच कुणी ओरडलं आणि उजवा पाय हलला, की समजा उतरलं अंगात. याच काळात थोडे दिवस स्कूटर कमी चालवा, नाहीतर हात गोंधळतो.

मग सपाट शेत. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटर देऊ नका, क्लच दाण्यादाण्यानं सोडा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढं ओढू लागते. आम्ही त्याला क्लच 'पकडला' म्हणतो. तिथंच बोटं थांबवा, परत दाबा. ती जागा बोटांना सापडली की निम्मं काम झालं. टेस्टला आठ काढायचा असतो तो याच हाफ क्लचवर, पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकला पाय नुसता टेकवून. पाय जमिनीला लागला की गेलं. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, जिथं वळायचंय तिथं मान फिरवा. गाडी मानेच्या मागं येते.

वजनाला भिऊ नका. दोन्ही गाड्या ११० किलोच्या आसपासच आहेत. फरक एवढाच की स्कूटरचं वजन खाली असतं, इथं टाकी गुडघ्यांच्या मध्ये वर आहे, म्हणून उभी असताना कलली तर लवकर हातातून जाते. उलट १८ इंची चाक तुमच्या तांबड्या चिखलात स्कूटरच्या १० इंची चाकापेक्षा कितीतरी बरं चालतं. तुम्ही मागितलंय ते योग्यच मागितलंय. फक्त शिकायला पावसाळा धरू नका, दिवाळीनंतर सुरुवात करा. आणि तेव्हा उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, म्हणून पहिले दिवस मोठा रस्ता टाळा.

चप्पल नको, बंद बूट. नुसत्या अंगठ्यावर गिअर टाकून नख दुखतं आणि मग बाई गिअरच चुकवते. साडीऐवजी सलवार, ओढणी कमरेला बांधून. हेल्मेट शेतापर्यंतच्या वाटेवरही.

दुधाचे कॅन पक्कं लायसन्स आलं तरी महिनाभर लावू नका. आधी कॅनमध्ये पाणी भरा, दोन्ही बाजूंना सारखं, आणि अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. एकदा अर्धे भरूनही बघा. अर्धा कॅन वळणावर हिंदकळतो आणि गाडी आपल्याला नको तिकडं ओढतो, ते पाण्यानं कळलेलं बरं. डेअरीतून परत येताना कॅन पूर्ण रिकामे करून आणा.