वहीची मागची पानं

समुपदेशनासाठी आलेल्या मुलाच्या घरची माणसं माझ्यासमोर बसली की पिशवीतून आधी फाईल निघते, मग मार्क्सकार्ड. हल्ली तिसरी एक वस्तू निघते, मुलाची वही. "मॅडम, चित्रं बघून सांगा की, ह्याच्या मनात काय चाललंय." आणि जरा आवाज खाली आणून पुढचा प्रश्न, "धारवाडला न्यावं लागंल काय?"

पुण्याकडं येरवडा, कोकणात रत्नागिरी, तसं आमच्या बेळगावात धारवाड. तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत आज डॉक्टर तयार होतात, बाह्यरुग्ण विभागात रोज माणसं औषध घेऊन घरी जातात. पण गल्लीत तो शब्द अजून शिवीसारखाच पडतो.

वडगावच्या एका विणकर घरातल्या पोराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दुसऱ्या एका मुलाचं थोडं त्यात मिसळलंय, आणि दोन्ही घरांना विचारूनच लिहितेय. पोरगा सतरा वर्षांचा. एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून, चांगल्या मार्कांनी. मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स, सगळं इंग्रजीत. पहिल्या सहामाहीनंतर कॉलेज बुडवायला लागला. आईला त्याच्या फिजिक्सच्या वहीत मागच्या बाजूनं चित्रं सापडली. बिनतोंडाची माणसं, आणि मग पानामागून पान नुसतं काळं. वडिलांनी त्यातली चार पानं फाडली. "अभ्यास सोडून रेघोट्या," एवढंच म्हणाले.

माझी चूक आधी कबूल करते. बिनतोंडाची माणसं बघितली आणि मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. पोराला बोलायला भाषाच उरली नाही, म्हणून तोंड नाही! सीमाभागात वाढलेल्या बाईला हे सुचायला वेळ लागत नाही. दुसऱ्या भेटीत मी त्याला अगदी हळुवारपणे विचारलं, ह्यांना तोंड का नाही? तो माझ्याकडं बघतच राहिला. "तोंड जमत नाही मला, मॅडम. ड्रॉइंगच्या हायर ग्रेडला पण तिथंच मार्क गेले."

त्यानंतर मी अर्थ लावायचं सोडलं आणि विचारायला लागले. काळ्या पानावर बोट ठेवून म्हटलं, हे काय काढलंयस? "ताणा," म्हणाला. म्हणजे मागावरचे उभे धागे.

पान उजेडासमोर धरलं तेव्हा दिसलं. बॉलपेननं, पट्टी लावून, एकाला एक खेटून ओढलेल्या उभ्या रेघा. काही ठिकाणी कागद फाटला होता. घरी दोन माग होते. वर्षभरात दोन्ही बंद पडले आणि एक दिवस टेम्पोत घालून भंगाराच्या भावानं गेले. पोरगा जन्मल्यापासून मागाच्या शेजारच्या खोलीत झोपलेला. विणकराच्या घरात आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. धागा तुटला असेल नाहीतर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली असेल. माग गेल्यापासून तो रात्री दोनला उठून बसायचा. "काय करू? म्हणून काढूलोय." घरात ह्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात जायला लागले होते, आई शेजारच्या घरी कांड्या भरायला. प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प.

त्याच दिवशी मी सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का? मरावं असं मनात येतं?" हा प्रश्न विचारला की पालक दचकतात, नसलेलं डोक्यात घालाल म्हणतात. तसं होत नाही. विचारल्यानं तो विचार रुजत नाही, उलट पोरं बरेचदा सुटकेचा श्वास टाकतात. तो म्हणाला, दोनदा आलं होतं. मग मी त्याला सांगितलं की बाकी सगळं आपल्यात राहील, एवढी गोष्ट मात्र घरी सांगावीच लागेल, आणि कशी सांगायची ते आपण दोघं मिळून ठरवू. त्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. नैराश्य होतं. गोळ्या सुरू झाल्या, माझ्याकडं येणंही चालू राहिलं. धारवाडला जायची गरज पडली नाही. पडली असती तरी गेलो असतो.

तर पालकांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की चित्र म्हणजे एक्स-रे नव्हे. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, असलं मोबाईलवर फिरणारं कोष्टक बाजूला ठेवा. अगदी हसरी, फुलाफुलांची चित्रं काढणारी आणि आतून पार खचलेली मुलगीही मी बघितली आहे. बघायचं ते पानाबाहेर. झोप, जेवण, अंघोळ, मित्रांकडं जाणं, कॉलेज. ह्यातलं बरंच काही दोन आठवडे बिघडलेलं असेल तर वही घेऊन येऊ नका, मुलाला घेऊन या. आणि तो मरणाचं बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, निरोपासारखं काही लिहीत असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, एकटं सोडायचं नाही. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक मदतसेवेचा 14416 हा नंबर 2022 पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. वही मात्र चोरून वाचू नका. मुलानं स्वतः दाखवली तर "छान" पण म्हणू नका, "भयंकर" पण नको. "हे काय आहे, सांग की" एवढं पुरतं.

वडगावच्या त्या पोरानं मला एकदा विचारलं होतं, चित्र काढून माणूस बरा होतो का? मी त्याला एड्रियन हिल ह्या इंग्रज चित्रकाराचं सांगितलं. क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडलेला असताना तो खाटेवरून दिसेल ते काढत बसायचा, इतर रोग्यांनाही काढायला लावायचा, आणि 1942 साली 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यानं काढला. "मग त्यांचा टीबी चित्रानं गेला?" नाही रे, म्हटलं. पडून राहणं सुसह्य झालं. त्याला ते पटलं असावं, कारण त्या महिन्यात गोळ्या चुकल्या नाहीत.

वडिलांना आणायला तीन महिने गेले. आले ते दारातच उभे. पोरानं स्वतःच वही पुढं केली. फाडलेली पानं आईनं जपून ठेवली होती, ती त्यानं गव्हाच्या खळीनं चिकटवली होती. शेवटच्या पानावर अख्खा माग होता, आठवणीतून काढलेला. वडील बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "धोटा चुकीच्या बाजूला काढलायस."

"नाही अप्पा, आपल्या दुसऱ्या मागाचा तिकडंच अडकायचा."

"दुसऱ्या नव्हे रे, पहिल्या."

त्यावर दोघांचं जे जुंपलं ते माझी पुढची अपॉइंटमेंट येऊन बाहेर बसली तरी संपेना. शेवटी मीच म्हटलं, बाकीचं घरी जाऊन भांडा.