लॉरेल-हार्डी ही जुनी विनोदी जोडी पहिल्यांदाच बघताय?

मग मोठ्या चित्रपटांपासून सुरुवात करू नका, आणि १९४० नंतरचे तर आत्ता नकोतच. त्यांचा निर्माता हॅल रोच, त्याचा स्टुडिओ सुटला आणि मजा ओसरली. आपले जाड्या-रड्या खरे भेटतात ते लघुपटांत.

- आधी ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२). लांबलचक पायऱ्यांवरून पियानो वर न्यायचा, बस्स! ऑस्कर मिळालंय त्याला.
- मग ‘बिग बिझनेस’ (१९२९), मूकपट.

नवखे हमखास चुकतात ते इथे: संथ वाटलं की पुढे पळवतात. असं करू नका हो! सगळा घोळ झाल्यावर हार्डी, म्हणजे जाड्या, गप्प, हताश होऊन थेट आपल्याकडे बघतो. खरं हसू तिथेच फुटतं. लॉरेल डोकं खाजवतो, तेही निवांत बघा. मूळ कृष्णधवल चित्रपटांना नंतर रंग दिलेल्या प्रती टाळा. मुलांना शेजारी बसवा.